आठ स्वार, साठ घोडे

बेंगळुरूच्या जे. सी. नगर भागात म्हैसूर लान्सर्सचा स्मारकस्तंभ आहे. भोवती शहराची नेहमीची कोंडी. दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे पुष्पचक्रं वाहिली जातात, कारण १९१८ साली याच तारखेला जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडेस्वारांनी पॅलेस्टाइनमधलं हैफा बंदर तुर्की सैन्याकडून जिंकून घेतलं. समोर मशीनगन, कार्मेल डोंगरावर तोफा आणि चाल करून जाणाऱ्यांच्या हातात भाले-तलवारी. तरी संध्याकाळपर्यंत साडेतेराशेच्या आसपास कैदी आणि १७ तोफा हाती आल्या. आपल्या ब्रिगेडची ८ माणसं कामी आली, ३४ जखमी झाली. आणि घोडे? ६० मेले, ८३ जखमी झाले.

एका स्वारामागे साडेसात घोडे, असा तो हिशेब आहे. किशोन नदीच्या काठी धसणारी वाळू होती. पुढे गेलेली जनावरं तिच्यात रुतायला लागल्यावर जोधपूरच्या तुकडीला भर गोळीबारात तोंड वळवावं लागलं. त्यांचे मेजर दलपतसिंह तिथेच पडले. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी तेव्हा कार्मेलच्या बाजूने तोफांवर चढत होती. युद्धाच्या अधिकृत इतिहासात एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे: मशीनगनच्या गोळ्या लागूनही घोडे थांबत नव्हते. स्वाराला नेमक्या जागी पोहोचवून मग त्यातले बरेच मेले. म्हणजे माणसांचा आकडा आठवरच राहिला, त्यात या साठांचा वाटा आहे.

दिल्लीतल्या तीन मूर्तींचं स्मारकही याच ब्रिगेडचं, १९२२ सालचं, लेनर्ड जेनिंग्ज या शिल्पकाराने घडवलेलं. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांचे तीन शिपाई हातात भाला घेऊन उभे आहेत, तिघेही पायउतार. घोडदळाचं स्मारक, आणि त्यात घोडाच नाही!

म्हैसूरच्या या पथकाचं मूळ संस्थानाच्या जुन्या शिलेदारी घोडदळात आहे. १८९२ मध्ये त्याची नव्याने घडी बसवली गेली, आणि भरती होणाऱ्यांत दख्खनी मुसलमानांबरोबर मराठेही होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. हा फरक आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो, पण त्याचा घरगुती अर्थ सहसा लक्षात येत नाही. बारगिराचा घोडा मेला तर नुकसान पागेचं. शिलेदाराचा मेला तर त्याच्या पोटावरच पाय. ब्रिटिश अमदानीतल्या शिलेदारी पलटणींमध्ये म्हणूनच सगळ्यांनी मिळून चंदा जमवून ठेवायची पद्धत होती. कुणाचं जनावर दगावलं की त्यातून नव्याची सोय व्हायची. ज्याला वर्षानुवर्षं पहाटे खरारा केला, ज्याच्या तोबऱ्यात स्वतःच्या हाताने चंदी भरली, त्याच्या जाण्याचं दुःख आणि उद्याच्या भाकरीची काळजी या माणसाला वेगळी काढता येत नव्हती. ते दुःख कमअस्सल होतं असं मला वाटत नाही. उलट, घोड्याशिवाय ज्याचं काही अडत नाही त्याच्या प्रेमापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

बेंगळुरू आणि मराठी माणूस म्हटलं की शहाजीराजे आलेच. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे ठाणं घेतलं आणि ते राजांच्या जहागिरीत आलं. त्यांचं आयुष्य घोड्यावर गेलं आणि मरणही घोड्यावरूनच आलं. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरेच्या रानात सावजामागे दौडताना घोड्याचा पाय वेलीत अडकला. राजे पडले ते उठले नाहीत. आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात त्यांची समाधी आहे. जिजाऊ सती जायला निघाल्या आणि शिवरायांनी विनवण्या करून त्यांना थांबवलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घोडा मात्र कथेतून त्या वेलीपाशीच उतरतो.

पाय मोडलेल्या घोड्याचं पुढे काय होतं, हे रेसकोर्स असलेल्या शहराला चांगलंच ठाऊक असतं. त्याला मारणं लोकांना निव्वळ निर्दयता वाटते, पण अडचण घोड्याच्या शरीरातच आहे. साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर, आणि गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाड, कंडरा आणि कातडी. माणसासारखं महिनाभर अंथरुणावर पडून राहणं त्याला मानवत नाही. आतडी मंदावतात, फुप्फुसांवर भार येतो. उभं ठेवावं तर धडधाकट पायावर दुप्पट वजन येऊन त्याच्या खुराच्या आतले पापुद्रे सुजतात आणि सुटायला लागतात. अमेरिकेतला बार्बारो हा नामांकित घोडा २००६ मध्ये शर्यतीत पाय मोडून पडला. पैसा आणि तज्ज्ञ, कशाचीच कमी नव्हती. हाड बऱ्यापैकी सांधलंही, पण दुसऱ्या पायांच्या खुरांनी दगा दिला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं.

पहिलं महायुद्ध संपल्यावर माणसं बोटीने घरी परतली. घोड्यांचं तसं झालं नाही. ब्रिटिश फौजांची हजारो जनावरं पूर्वेकडेच राहिली. काहींना गोळी घातली, बरीच इजिप्तमध्ये विकली गेली आणि कैरोच्या गाड्यांना, दगडांच्या खाणींना जुंपली गेली. १९३० मध्ये डोरोथी ब्रूक ही एका सेनाधिकाऱ्याची बायको कैरोत आली आणि तिने ही म्हातारी, हाडं वर आलेली जनावरं ओळखली. पुढच्याच वर्षी तिने लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्र लिहिलं. पैसे येत गेले आणि तिच्या समितीने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके खंगलेले होते की चार दिवस पोटभर चारा, अंगाखाली मऊ गवत आणि मग वेदनारहित मृत्यू, एवढंच देता आलं. १९३४ मध्ये तिथे इस्पितळ उभं राहिलं. त्याच कामातून वाढलेली ब्रूक संस्था आज भारतात टांग्यांच्या आणि वीटभट्ट्यांच्या जनावरांसाठी झटते.

म्हैसूर लान्सर्सचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. संस्थानं विलीन झाली आणि १९५३ मध्ये त्यांच्या उरल्यासुरल्या घोडदळातून ६१ कॅव्हलरी उभी राहिली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये याच पलटणीच्या रघुबीर सिंह यांनी शहजादा या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्यानंतर एशियाडमधल्या घोडेस्वारीच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला ३६ वर्षं थांबावं लागलं. २०१८ मध्ये जकार्तात ते आलं बेंगळुरूच्या फवाद मिर्झाकडून, सेन्योर मेडिकॉट या घोड्यावर, रौप्य. फवादचे वडील घोड्यांचे डॉक्टर, हे मला त्या पदकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माणसाने घोड्याला बरं करायचा हा एक धागा. त्याच्या उलट बाजूला, घोड्याकडून बरं होण्याचे प्रयत्नही बेंगळुरूत काही वर्षांपासून चालू आहेत. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या मुलांना उपचार म्हणून घोड्यावर बसवलं जातं. यासाठी घोडा निवडतात तो मध्यमवयीन आणि थंड डोक्याचा. एकजण पुढे दोर धरतो, दोघं दोन्ही बाजूंनी चालतात. पुष्कळदा खोगिराऐवजी जाड घडीचं कापड टाकतात, म्हणजे घोड्याच्या अंगाची ३८ अंशांची ऊब मुलाच्या आखडलेल्या मांड्यांपर्यंत पोहोचते. घोडा चालताना स्वाराच्या कमरेला वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जे हेलकावे बसतात, ते माणसाच्या चालण्यातल्या हालचालींच्या फार जवळचे असतात. जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या कण्याला चालण्याचा सराव असा आडवाटेने मिळतो. कुणीतरी रिंगण पुढे धरतं, मूल ते घ्यायला हात लांब करतं, आणि तोल सावरायचं काम पाठीचे स्नायू न सांगता करून टाकतात.

या उपचारांना जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती डेन्मार्कच्या लिस हार्टेलने. १९४४ मध्ये गरोदरपणात तिला पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले. तिला घोड्यावर चढवावं आणि उतरवावं लागायचं. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली या घोडीवर तिने ड्रेसाजचं रौप्य पटकावलं.

जवळचं माणूस गेलेल्यांना, युद्धातून मनाने मोडून परतलेल्यांनाही घोड्यांच्या सहवासात ठेवतात. तिथे बहुतेकदा स्वारी नसतेच. खरारा करायचा, दोर धरून चालवायचं, नुसतं शेजारी उभं राहायचं. घोडा मुळात शिकार होणारं जनावर आहे. कळपातल्या दुसऱ्याचा ताण क्षणात ओळखणं हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. माणसांना घोडा धरून एका ठरावीक वाटेने चार फेऱ्या मारायला लावल्या आणि चौथ्या वेळी सांगितलं, आता अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की रागावलेल्या माणसाचा नुसता फोटो पाहूनही घोड्याची धडधड लवकर वाढते.

यावरून घोड्याला आपलं दुःख कळतं असं कुणी म्हटलं, तर मी मान डोलावणार नाही. त्याला आपली धास्ती कळते, एवढं सिद्ध झालंय. स्नायूंच्या हालचालींवरच्या उपचारांत जसे मोजता येणारे फायदे दिसतात, तसा भक्कम पुरावा शोकाच्या बाबतीत अजून तोकडा आहे. पण पाचशे किलोंचं सावध जनावर शेजारी उभं असेल, तर माणसाला श्वास संथ करावाच लागतो. समजुतीचे शब्द बोलणाऱ्या नातेवाइकांकडून हे क्वचितच साधतं.

घोड्यामुळे असंख्य माणसं जिथे वाचली, तिथे मात्र प्रेमाचा संबंध नाही. सर्पदंशावर आपल्याकडे मिळणारं औषध घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष त्याला आधी अगदी थोडं, मग वाढवत वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे महाराष्ट्राला ही घोड्यांची पागा जुन्या ओळखीची. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक खेड्यापाड्यांतली. प्राथमिक आरोग्य केंद्रात घोड्याच्या रक्तातून आलेली ती कुपी नसती तर हा आकडा कितीतरी वर गेला असता.

आता बेंगळुरूतच घोड्याला यातून सोडवायची खटपट सुरू आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर प्रयोगशाळेतच घडवलेलं मानवी प्रतिद्रव्य फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला ब्लॅक मांबा यांच्या विषातल्या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या एका मोठ्या घटकाला ते निकामी करतं. हे यश उंदरांवरच्या प्रयोगातलं. शिवाय घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर आणि ऊतींवर मारा करतं, त्याची तऱ्हाच वेगळी, आणि त्यांच्यासाठी हे प्रतिद्रव्य कामाचं नाही. आपल्या शेताच्या बांधावर या दोघांचाच उपद्रव मोठा, तेव्हा घोड्याची चाकरी इतक्यात सुटत नाही.