विश्लेषण : प्लॅन १०० एमबीपीएसचा, मग वायफाय का अडखळते?

दाट वस्तीत इंटरनेटची कोंडी बहुतेक वेळा फायबरमध्ये नसून घरातल्या हवेत होते. मोठा प्लॅन घेण्याआधी काय तपासावे?

श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूरच्या गावठाणासारख्या, भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या वस्तीत फोनमधील वायफायची यादी उघडली, की स्वतःच्या राउटरचे नाव सापडेपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांची दहा-पंधरा नावे वाचावी लागतात. सिग्नलच्या काड्या पूर्ण असतात, बिल १०० एमबीपीएसचे भरलेले असते. तरीही रात्री जेवणे उरकल्यावर पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा चेहरा व्हिडिओ कॉलवर गोठतो, आणि प्रवेशाचा अर्ज शेवटच्या रात्री ‘सबमिट’वर गरगरत राहतो. मग आधी कंपनीला फोन, नंतर मोठा प्लॅन, शेवटी आणखी एक राउटर. या खर्चाने बऱ्याचदा काहीच बदलत नाही. तो जादा राउटर तर गल्लीची अडचण वाढवूनच ठेवतो.

काड्या पूर्ण, मग वेग कुठे जातो?

‘बेलापूर’ नावाचे रेल्वे स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे, हे नवख्या प्रवाशाला गाडीतून उतरल्यावर कळते. फोनवरच्या काड्यांवर विसंबणाऱ्याचेही तसेच होते. काड्या फक्त राउटरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतात. त्याच वेळी आजूबाजूला किती जण बोलत आहेत, हे त्यातून कळत नाही.

वायफाय ग्रामसभेसारखे चालते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे. प्रत्येक राउटर आणि फोन आधी कानोसा घेतो, कोणी बोलत नसेल तरच आपला मजकूर पाठवतो. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते आणि पुन्हा पाठवावे लागते. म्हणजे शेजारच्या घरातील टीव्हीवर मालिका चालू असेल आणि दोन्ही राउटर एकाच चॅनेलवर असतील, तर तुमच्या फोनला त्या मालिकेच्या मधल्या फटीत वेळ मिळतो. प्लॅन ३० चा असो की ३०० चा, ही रांग तीच राहते.

त्यातही हळू बोलणारा सर्वांचा वेळ खातो. शेवटच्या खोलीतला, दोन भिंतींपलीकडचा जुना फोन ६ एमबीपीएसने बोलत असेल, तर तेवढाच मजकूर ५४ एमबीपीएसने पाठवणाऱ्यापेक्षा तो सुमारे नऊपट वेळ चॅनेल अडवून ठेवतो. शिवाय कोणी काही वापरत नसतानाही प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारतो, आणि तेही बहुधा सर्वांत मंद वेगाने. यादीत दिसणारे प्रत्येक नाव म्हणजे अशी एक अखंड दवंडी.

चॅनेल १, ६ आणि ११ चेच नाव का घेतात?

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात त्यातील २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा भाग परवान्याविना वापरता येतो, म्हणजे जागा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ. एका वायफाय चॅनेलला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात, पण चॅनेलचे क्रमांक मात्र पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने दिलेले आहेत. त्यामुळे क्रमांक १३ असले, तरी एकमेकांत न घुसणारे तीनच निघतात : १, ६ आणि ११. याच तुटपुंज्या जागेत ब्लूटूथही चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही इथेच येते.

बरेच जण इथे फसतात. अॅपमध्ये १ आणि ६ वर गर्दी दिसते, ३ रिकामा दिसतो, म्हणून राउटर ३ वर लावला जातो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर निदान एकमेकांचे ऐकून पाळी लावतात. ३ वरचा राउटर १ ला आणि ६ ला नुसता गोंगाट म्हणून ऐकू जातो, आणि त्या दोघांचा गोंगाट त्याला. शिस्तीच्या रांगेत उभे राहणे परवडते, दोन रांगांच्या मध्ये घुसणे नाही. ‘४० मेगाहर्ट्झ’ हा पर्यायही दाट वस्तीत २.४ वर बंदच असावा. तो एकट्याने अर्धा पट्टा गिळतो.

मग खरा उपाय कोणता?

५ गिगाहर्ट्झ. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. तीन चॅनेलांच्या जागी इथे वीसहून अधिक चॅनेल आहेत. या लहरी भिंतीतून कमी जातात, ही त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार. पण दाट वस्तीत हाच त्यांचा गुण ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही तुमच्या घरात कमी येतात.

जुन्या दगड-मातीच्या जाड भिंतीत मात्र हा गुण अंगाशी येतो. पुढच्या खोलीत भरपूर वेग आणि मागच्या खोलीत शून्य, असा अनुभव येऊ शकतो. म्हणून राउटर कुठे आहे याला महत्त्व. वायर आणणारा माणूस दाराशी, मीटरजवळ किंवा टीव्हीच्या मागे, जिथे वायर संपते तिथे तो ठोकून जातो. दहा-पंधरा फूट जादा वायर मागून घेऊन तो घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवणे हे सर्वांत स्वस्त काम. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पत्रा आणि पाण्याची टाकी यांच्या आड ठेवलेला राउटर अर्धा मेलेलाच समजावा.

नवीन जोडणी घेताना वेगाआधी एक प्रश्न विचारावा : राउटर ‘ड्युअल बँड’ आहे का? फक्त २.४ वर चालणारे स्वस्त राउटर अजूनही घरोघर आहेत. गर्दीच्या हवेत अशा राउटरवर १०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे म्हणजे चार इंची पाइपला अर्ध्या इंचाचा नळ.

रिपीटर घ्यावा का?

शेवटचा पर्याय म्हणून. साधा रिपीटर तोच मजकूर ऐकून त्याच चॅनेलवर पुन्हा पाठवतो. एका गोष्टीला हवेत दोनदा जागा लागते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावणे कितीतरी बरे. केबल १०० मीटरपर्यंत चालते. जागचे न हलणारे जे जे आहे, म्हणजे टीव्ही, संगणक, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, ते केबलवरच असावे. रोज रात्री तीन तास चालणारा टीव्ही हवेतून उतरला, की तेवढी हवा घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही मिळते.

राउटरची ताकद वाढवण्याचाही उपयोग होत नाही. राउटर ओरडून बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो; तो राउटरपर्यंत पोचला नाही तर संभाषण तुटतेच. वर तुमच्या ओरडण्याने आणखी चार घरांना गप्प बसावे लागते.

दोष कंपनीचा की हवेचा, हे कसे ओळखावे?

रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. मग त्याच जागी वायफायवर मोजावा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर चौथाई वेग आला तर दोष हवेचा, आणि मोठ्या प्लॅनचे पैसे पाण्यात जाणार. केबलवरही वेग पडलेला असेल तर तक्रार जरूर करावी, आकडा आणि वेळ लिहून. सकाळी सहाला चांगले चालते एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. त्या वेळी कंपनीची लाइनही मोकळी असते आणि गल्लीची हवाही.

शेजाऱ्याच्या राउटरविरुद्ध दाद मागता येते का?

नाही. परवानामुक्त पट्ट्याची अटच अशी आहे, की तो सर्वांनी वाटून वापरायचा आणि त्यात कोणालाही अडथळ्यापासून संरक्षण नाही. जो हक्क तुमचा, तोच भिंतीपलीकडच्याचा. मे २०२५ मध्ये केंद्राने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा आणखी एक पट्टा कमी ताकदीच्या वायफायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. पण त्याचा लाभ घ्यायला राउटर आणि फोन दोन्ही तो पट्टा ओळखणारे लागतात. घरातले जुने फोन २.४ वरच राहणार.

त्यामुळे सोय ज्याची त्याने शेजाऱ्याशी बोलूनच लावायची. लागून असलेल्या तीन घरांनी १, ६, ११ असे वाटून घेतले तर खर्च शून्य. राउटरखालच्या चिकटपट्टीवर त्याच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकून ‘चॅनेल’ हा पर्याय ‘ऑटो’वरून हव्या त्या क्रमांकावर आणायचा. ‘ऑटो’वर विसंबू नये, याला गावाकडे एक खास कारण आहे. बरेच साधे राउटर सुरू होतानाच एकदा चॅनेल निवडतात आणि मग तिथेच बसतात. वीज जाऊन परत आली की सगळ्या गल्लीचे राउटर एकाच मिनिटात जागे होतात, प्रत्येकाला हवा रिकामीच दिसते, आणि चार-पाच घरे एकाच चॅनेलवर जाऊन बसतात. अशा वेळी सगळे स्थिरावल्यावर, दहा मिनिटांनी, आपला राउटर एकदा बंद करून पुन्हा लावावा.