चंद्रपूर-गडचिरोलीहून ध्रुवीय समुद्राकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तारिणी’ ही गोव्यात बांधलेली ५६ फुटी शिडाची नौका २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून गोव्यात परतली. नौकेवर दोघीच होत्या : नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. आठ महिन्यांच्या या सफरीत त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं. त्याच्या दक्षिणेला ड्रेक सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे अंटार्क्टिका. इतक्या लहान नौकेतून आणखी पुढे, बर्फाच्या पाण्यात जायचं तर काय तयारी लागते? याबाबत आपल्याकडे अनेक समजुती आहेत आणि त्यांतल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

गैरसमज : आपल्या उन्हात वाढलेल्यांना ती थंडी झेपणार नाही.
वस्तुस्थिती : मे महिन्यात ज्या चंद्रपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतली ही मुलं. थंडीची सवय त्यांना जन्माने मिळालेली नव्हती, ती त्यांनी हिमालयातल्या सरावाने कमावली. दिलना आणि रूपा यांनीही निघण्याआधी सुमारे तीन वर्षं सराव केला होता.

गैरसमज : पट्टीचा पोहणारा पाण्यात पडला तरी वाचतो.
वस्तुस्थिती : वैनगंगेच्या पुरात पोहणाऱ्यालाही गोठणबिंदूजवळचं पाणी वेगळंच वागवतं. अंगाला पाणी लागताच धाप लागते आणि त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाऊ शकतं. बचावाचं प्रशिक्षण देणारे १-१०-१ हा ढोबळ हिशेब शिकवतात : श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. लाइफ जॅकेट नसेल तर बहुतेक जण त्या तासापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून डेकवर पाऊल टाकण्याआधी छातीला बांधलेला सुरक्षा-पट्टा नौकेच्या दोरीला अडकवायचा, समुद्र शांत असला तरीही.

गैरसमज : जाड कपडे आणि दारूचा घोट असला की थंडी वाजत नाही.
वस्तुस्थिती : दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटतं, पण आतली ऊब झपाट्याने बाहेर जाते. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब देत नाही. अंगालगत लोकर, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा थर, ही योग्य रीत. नॉर्वेचा दर्यावर्दी रोआल्ड अमुंडसन सहा साथीदारांसह ‘योआ’ या छोट्या लाकडी नौकेतून १९०३ ते १९०६ दरम्यान उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पार झाला. वाटेतल्या मुक्कामात तो तिथल्या नेटसिलिक लोकांकडून कातड्याचे सैलसर कपडे वापरायला शिकला. थंडीत राहणाऱ्यांचं ज्ञान त्याने मानाने स्वीकारलं.

गैरसमज : खरा धोका डोंगराएवढ्या हिमनगांचा.
वस्तुस्थिती : मोठा हिमनग लांबून दिसतो, रडारवरही येतो. घात होतो तो पाण्याबाहेर मीटरभरही न डोकावणाऱ्या बर्फाच्या तुकड्याने, कारण त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो आणि लाटांमध्ये तो रडारला सापडत नाही. त्यामुळे वेग कमी ठेवून डोळ्यांनी पहारा द्यावा लागतो. बर्फात जाणाऱ्या नौका बहुधा पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. धक्क्याने धातूला पोचा येतो, फायबरला मात्र तडा जाऊ शकतो.

गैरसमज : अंटार्क्टिका कुणाच्याच मालकीचा नाही, मग परवानगी कशाला?
वस्तुस्थिती : भारताचा अंटार्क्टिक कायदा २०२२ मध्ये झाला. ६० अंश दक्षिणेच्या पलीकडे भारतीय मोहीम न्यायची तर परवाना लागतो. तिथल्या प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं यांवर बंदी आहे. परवान्याचं काम नौका बांधायला घेतानाच हाती घ्यावं.

गैरसमज : अडचण आली की उपग्रह फोन करायचा, मदत येते.
वस्तुस्थिती : निरोप लगेच पोचतो, माणूस नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. सुटका व्हायला सुमारे तीन दिवस लागले. भामरागडकडची गावं पावसाळ्यात तुटतात म्हणून काही महिन्यांचं धान्य आधीच पोचवतात, तसाच हिशेब इथे करायचा : अन्न, औषधं, इंधन, सुटे भाग, सगळं ठरल्या दिवसांपेक्षा जास्त. आणि दुरुस्ती स्वतःला यायला हवी. २०१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे, त्यांची नौका ‘म्हादेई’ गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधली जात असताना तिच्या कामात स्वतः गुंतले होते. त्यामुळे नौकेचा कोपरा न् कोपरा त्यांच्या ओळखीचा होता.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण तयारीतला मोठा भाग इथेच शिकता येतो. प्रथमोपचार, डिझेल इंजिनाची दुरुस्ती, गाठी मारणं, शिड शिवता येईल इतकी शिलाई आणि नकाशावाचन. शिडाची बोट चालवायला एनसीसीच्या नौदल शाखेत आणि नौदलात शिकवतात. ज्या मुलामुलींना ही ओढ आहे, त्यांना शिक्षकांनी आणि पालकांनी ‘आपलं काम नव्हे’ असं सांगू नये. त्यांना लाइफ जॅकेट घालून पोहायला शिकवावं आणि चौकशीचा पहिला अर्ज त्यांच्यासोबत बसून भरावा.