रिकाम्या जागेची किंमत

हार्ड डिस्कवरच्या मोकळ्या जागेतून चलन कमावता येते, ही कल्पना ऐकायला अगदी निरुपद्रवी वाटते. बिटकॉइनसाठी गोदामेच्या गोदामे यंत्रांनी भरतात, ती रात्रंदिवस तापतात आणि एखाद्या देशाला पुरेल एवढी वीज खातात. इथे मात्र संगणकात रिकामी पडून असलेली डिस्क घ्यायची, तिच्यावर काही फायली भरायच्या आणि वाट पाहायची. बिटटॉरंटचा जनक ब्रॅम कोहेन याने २०१७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे ‘चिया’ हे चलन याच आश्वासनावर उभे राहिले. १९ मार्च २०२१ रोजी त्याची साखळी सुरू झाली आणि ३ मे रोजी व्यवहार खुले झाले. बिटकॉइनइतकी सुरक्षितता विजेची उधळपट्टी न करता आणि सामान्य माणसाच्या डिस्कवर, असा त्याचा दावा होता. त्यातला विजेचा भाग बराचसा खरा आहे. ‘जागा तशीही रिकामीच असते’ हा भाग मात्र खरा नाही. अशा व्यवस्थेत खर्च संपत नाही. तो विजेच्या बिलातून उठून खरेदीच्या पावतीत जाऊन बसतो. तिथे तो कमी दिसतो, म्हणून कमी वाटतो. हे पटण्यासाठी प्रत्यक्ष काम कसे चालते ते आधी पाहायला हवे.

कामाचे दोन टप्पे आहेत. पहिला प्लॉट तयार करण्याचा. प्लॉट म्हणजे प्रचंड आकाराची एक फाइल. नेहमीच्या आकाराचा, म्हणजे ‘के-३२’ प्लॉट साधारण १०१ गिबिबाइटचा, डिस्क विकणाऱ्याच्या हिशेबात सुमारे १०९ गिगाबाइटचा असतो. त्यात चित्रपट नसतात, कुणाचे दस्तऐवज नसतात, कुणाला उपयोगी पडेल असे काहीच नसते. असतात त्या एकमेकींवर रचलेल्या सात सारण्या. पहिल्या सारणीत २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी नोंदी भरल्या जातात. मग ठरावीक नियमाने जुळणाऱ्या जोड्या शोधून त्यांतून दुसरी सारणी बनते, दुसरीतून तिसरी, असे सातवीपर्यंत चालते. पुढच्या फेरीत संगणक सातवीकडून मागे येतो आणि कुठल्याच जोडीत न लागलेल्या नोंदी काढून टाकतो. त्यानंतर उरलेले दाबून बसवतो आणि शेवटी अंतिम फाइल लिहितो. सुरुवातीच्या काळात साध्या घरगुती संगणकावर एका प्लॉटला सहा ते दहा तास सहज लागत. त्या वेळात तात्पुरत्या फायलींसाठी अंतिम फाइलच्या दुपटीहून अधिक जागा अडे आणि दीड टेराबाइटच्या आसपास मजकूर लिहिला जाई. एवढे लिहिणे फिरत्या चकतीच्या डिस्कवर फार संथ होते, म्हणून हे काम एसएसडीवर करून तयार प्लॉट मोठ्या हार्ड डिस्कवर हलवण्याचा प्रघात पडला.

दुसरा टप्पा फार्मिंगचा. तो हाउसीच्या खेळासारखा आहे: तिकिटे आधीच छापून ठेवायची, आकडा पुकारला गेला की आपल्या तिकिटांवर तो आहे का ते पाहायचे. इथे साधारण दर साडेनऊ सेकंदांनी जाळ्यावर एक नवे आव्हान पुकारले जाते. प्रत्येक आव्हानाला ५१२ पैकी सरासरी एकच प्लॉट पात्र ठरावा, अशी चाळणी मुळात लावलेली होती. पात्र प्लॉटात डिस्कचे डोके काही ठिकाणी जाऊन मोजक्या नोंदी वाचते आणि मिळालेले उत्तर किती चांगले आहे ते ठरवते. ते जिंकण्याइतके चांगले निघाले तरच पहिल्या सारणीतल्या ६४ मूल्यांचा पूर्ण पुरावा बाहेर काढून पाठवायचा. तोही साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत पोहोचायला हवा. म्हणजे १८ टेराबाइटच्या डिस्कवर बसणाऱ्या १६५ प्लॉटांपैकी दर तीन आव्हानांत सरासरी एखाद्याचीच झडती होते. उरलेल्या वेळात डिस्क नुसती फिरत राहते. जिंकणे किती प्लॉट आहेत यावर ठरते, प्रोसेसर किती वेगवान आहे यावर नाही. कुणी एकाच जागेवर वेगवेगळे इतिहास रचून नशीब आजमावू नये म्हणून ‘टाइमलॉर्ड’ नावाची यंत्रे एक गणित अखंड करत असतात. त्यात प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचे उत्तर लागते, त्यामुळे ते वाटून घेऊन लवकर उरकता येत नाही. जागेच्या पुराव्याला काळाच्या पुराव्याची जोड मिळते ती अशी.

आता खर्चाकडे पाहू. फार्मिंग डिस्कला हलके जाते, पण प्लॉट बनवणे एसएसडीला अजिबात हलके जात नाही. एसएसडीच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून तिच्या हमीपत्रात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्याचा आकडा दिलेला असतो. एक टेराबाइटच्या चांगल्या घरगुती एसएसडीला तो ६०० च्या आसपास असतो. नेहमीच्या वापरात एवढे लिहायला कित्येक वर्षे लागतील. एका प्लॉटला दीड टेराबाइट धरले तर ४०० प्लॉटांत, म्हणजे १८ टेराबाइटच्या जेमतेम अडीच डिस्का भरेपर्यंत, ती हमी संपते. हा धोका उत्पादकांनीही ओळखला. पीएनवाय कंपनीने आपल्या एक टेराबाइटच्या एका एसएसडीची लेखनमर्यादा १,६६५ वरून ३६० टेराबाइटवर आणली. जर्मनीतल्या हेट्झनर या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने अशा कामाला आपल्या अटींतच मनाई केली. जून २०२१ मध्ये आलेल्या ‘मॅडमॅक्स’ या वेगवान प्रणालीने तात्पुरत्या लिखाणाचा मोठा भाग रॅमवर नेता येऊ लागला आणि झीज बरीच घटली, हे खरे. पण त्यासाठी शंभराहून अधिक गिगाबाइट रॅम लागे, आणि तेवढी रॅम घरगुती संगणकात नसते.

तरीही झीज हा मुख्य खर्च नव्हे. मुख्य खर्च स्पर्धेचा आहे, आणि तो साध्या गुणाकाराने दिसतो. चियात दिवसाला ४,६०८ ब्लॉक, म्हणजे साखळीचे नवे दुवे, बनतात आणि २०२१ मध्ये एका ब्लॉकला दोन नाणी मिळत. एप्रिल २०२१ च्या अखेरीस जगभरातली एकूण प्लॉट-जागा सुमारे एक एक्सबिबाइट होती. तेव्हा १८ टेराबाइटची एक डिस्क सरासरी १४ दिवसांत एकदा जिंकली असती. मे महिन्यात एका नाण्याचा भाव एक हजार डॉलरच्या वर होता, त्यामुळे डिस्का विकत घेण्याची झुंबड उडाली. मेच्या अखेरीपर्यंत जागा दहापटीहून अधिक झाली आणि जुलैपर्यंत तीस एक्सबिबाइटच्या पुढे गेली. तीच डिस्क, तेच प्लॉट, पण जिंकण्याची सरासरी आता चारशेहून अधिक दिवसांवर गेली, आणि भावही तीनशे डॉलरच्या आसपास घसरला होता. मिळणारी नाणी रोज तेवढीच राहिली, वाढली ती फक्त त्यांच्यासाठी मांडलेली जागा. डिस्का प्रामाणिकपणे फिरत होत्या आणि सॉफ्टवेअरही नीट चालत होते. बक्षीस ठरलेले आणि प्रवेश खुला असेल, तर सगळ्यांचा मिळून खर्च बक्षिसाच्या किमतीपर्यंत चढतो, हा जुना नियम इथे तीन महिन्यांत आकड्यांनिशी दिसला. वीज जळो वा जागा अडो, त्याला फरक पडत नाही.

यावर पहिला आक्षेप विजेचा, आणि तो वजनदार आहे. तीस एक्सबिबाइट जागा १८ टेराबाइटच्या डिस्कांवर ठेवायची तर सुमारे १९ लाख डिस्का लागतील. प्रत्येकीला सात वॉट धरले तर १३-१४ मेगावॉट होतात. लहान डिस्का, संगणक, पंखे यांच्यासाठी तिप्पट केले तरी आकडा ४० मेगावॉटच्या पुढे फारसा जात नाही. त्याच काळात बिटकॉइनचा अंदाज हजारो मेगावॉटचा होता. हा फरक शेकडोपटींचा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या तुलनेत डिस्क, एसएसडी आणि रॅम बनवायला लागलेली ऊर्जा व धातू धरलेले नाहीत, आणि ज्या व्यवस्थेत खर्चाचा मोठा वाटा खरेदीतच होतो तिथे नेमका तोच वाटा गाळला जातो. शिवाय बिटकॉइनच्या बाजारमूल्यापुढे चियाचे मूल्य किरकोळ आहे. बक्षीस लहान म्हणून मांडलेला खर्चही लहान आहे. उद्या बक्षीस शंभरपट झाले तर जागाही त्याच दिशेने वाढेल.

दुसरा आक्षेप थेट माझ्या मुद्द्यावर येतो. ज्याच्याकडे आधीच रिकामी डिस्क आहे, त्याने नवीन काही घेतलेच नाही तर खर्च कुठला? तत्त्वतः हे बरोबर आहे. जुन्या डिस्कवर पन्नास प्लॉट ठेवणाऱ्याचा जादा खर्च महिन्याला काही रुपयांची वीज एवढाच. पण ज्याचा खर्च जवळजवळ शून्य, त्याच्या वाट्याला येणारी कमाईही तशीच उरते, कारण बाकीचे जागा विकत घेऊन वाढवत राहतात. रिकामी जागा फुकट म्हणून वापरणारा आणि डिस्कांचे ट्रक उतरवणारा एकाच सोडतीत आहेत, आणि सोडतीला जागा कुठून आली हे दिसत नाही. थोडक्यात, फुकट जागेचा मालक सुरुवातीचे काही आठवडे फायद्यात असतो. बाजार भरला की डिस्का घाऊक भावात घेऊ शकणारा आणि स्वस्त कर्ज मिळवू शकणारा पुढे जातो. बिटकॉइनमध्ये स्वस्त वीज जे करते, ते इथे स्वस्त भांडवल करते.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जळलेली वीज परत येत नाही, पण डिस्क परत विकता येते. चलन बुडाले तरी प्लॉट पुसून डिस्कवर छायाचित्रे ठेवता येतात. हे खरे आहे, आणि या पद्धतीचा हाच सर्वात मोठा गुण मानायला हवा. मात्र सगळेच परत येत नाही. झिजलेली एसएसडी बाहेरून नव्यासारखीच दिसते. तिच्यावर आतापर्यंत किती लिहिले गेले ते फक्त तिच्या ‘स्मार्ट’ नोंदीत कळते, आणि जुना माल घेणारा ती नोंद पाहतोच असे नाही. प्लॉट बनवायला लागलेले तासही परत मिळत नाहीत. ७ जुलै २०२१ रोजी पूलमध्ये, म्हणजे जिंकलेले आपसांत वाटून घेणाऱ्या गटात, सामील होण्याची अधिकृत सोय आली, तेव्हा जुने प्लॉट तिथे चालत नव्हते, कारण त्यांच्यात मालकाची किल्ली आधीच कोरलेली होती. छोट्या फार्मरला नियमित थोडेथोडे मिळवायचे तर डिस्क पुसून पुन्हा पहिल्या सारणीपासून सुरुवात करावी लागली. एकदा लिहा आणि विसरा, हे आश्वासन चार महिनेही टिकले नाही.

खर्च संपत नाही, याचा सर्वात बोलका पुरावा मात्र २०२३ पासूनचा आहे. स्मृती कमी वापरून गणित जास्त करायचे की गणित कमी करून स्मृती जास्त वापरायची, हा सौदा मार्टिन हेलमन यांनी १९८० मध्येच मांडला होता. तो सौदा करून कुणी जागेची चोरी करू नये, यासाठी डझिएम्बोव्स्की, फाउस्ट, कोल्मोगोरोव्ह आणि पीट्रझाक यांनी ‘जागेच्या पुराव्या’ची कल्पना मांडली. पुढे २०१७ च्या एका शोधनिबंधात, ज्याच्या लेखकांत कोहेनही होता, सारण्यांची आजची रचना आकाराला आली. तिने हा सौदा महाग केला, पण बंद केला नाही. ग्राफिक कार्डे वेगवान झाली तशी ‘गिगाहॉर्स’ आणि ‘ब्लेडबिट’ या प्रणाल्यांनी प्लॉटातल्या काही नोंदी ठेवायच्याच सोडून दिल्या. त्या लागतील तेव्हा नव्याने काढायच्या. एकाच डिस्कवर अधिक प्लॉट बसू लागले, आणि दाब वाढवला की दर झडतीला ग्राफिक कार्ड जागे होऊ लागले. दाराबाहेर ठेवलेली वीज खिडकीतून आत आली. त्याहून मोठी भीती अशी की प्लॉट काही सेकंदांत बनू लागला, तर चाळणीतून जाणारा प्लॉट ऐन वेळी बनवून शेकडो प्लॉट असल्याचे सोंग आणता येईल. म्हणूनच जून २०२४ मध्ये चाळणी ५१२ वरून २५६ वर आणली गेली. तिने त्या सोंगाचा फायदा निम्म्यावर आणला आणि प्रामाणिक फार्मरच्या डिस्कला दुप्पट वाचायला लावले. जागा आणि गणित यांच्यातली सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती हार्डवेअरच्या भावांवर उभी आहे आणि भाव बदलले की तिची पुन्हा आखणी करावी लागते.

महाराष्ट्रातल्या एखाद्याने हा हिशेब मांडला, तर त्यात कायद्याचीही एक ओळ येते. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यातून फक्त संपादनाची किंमत वजा होते, आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यात धरता येणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. ज्या धंद्यात जवळजवळ सारा खर्च यंत्रसामग्रीचाच, तिथे ही तरतूद विजेवर चालणाऱ्या खाणकामापेक्षा कमी जाचक ठरत नाही. खर्च पावतीत गेला म्हणून तो खर्च नाही असे समजणाऱ्याला निदान कर भरताना तरी तो दिसतो.

या सगळ्यातून चिया फसवी आहे असा निष्कर्ष निघत नाही. तिने वीज खरोखर वाचवली, भांडवलाचा मोठा भाग परत मिळण्याजोगा ठेवला आणि सोडतीत प्रोसेसरपेक्षा साठवणीला महत्त्व दिले. पण परवानगीशिवाय चालणाऱ्या चलनाची सुरक्षितता, फसवणूक करणाऱ्याला ती परवडू नये यावरच उभी असते. ती महाग पडायची तर प्रामाणिक माणसानेही काहीतरी महाग पणाला लावावेच लागते. जागा खरोखर फुकट असती, तर ती हल्लेखोरालाही फुकट मिळाली असती आणि तिच्यावर काहीच सुरक्षित राहिले नसते. म्हणून अशा कुठल्याही नव्या योजनेकडे पाहताना खर्च आहे की नाही, हे विचारून काही हाती लागत नाही. तो कुणाच्या खिशातून, कोणत्या वस्तूच्या रूपाने आणि किती काळासाठी जातो, हे विचारावे. रिकाम्या डिस्कची जाहिरात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे टाळते. डिस्क विकत घेण्यापूर्वी ती स्वतःच काढायला हवीत.