व्यवसायाचा आराखडा : एका पुस्तकांच्या दुकानाचा धडा
चेन्नई : व्यवसायाचा आराखडा केवळ बँकेच्या कर्जासाठी नसतो. ग्राहक कोण, तो दुकानात का येईल आणि जागेचा व मालाचा खर्च कसा भागेल, या प्रश्नांची उत्तरे त्यात असावी लागतात. नुंगंबाक्कम येथे १९८७ मध्ये हेमू रामय्या यांनी सुरू केलेले ‘लँडमार्क’ हे याचे बोलके उदाहरण होय. पुस्तकांच्या जोडीला संगीत, खेळणी व लेखनसाहित्य ठेवल्याने एकाच ग्राहकाला अनेक वस्तू विकणे शक्य झाले. २००५ मध्ये टाटा समूहातील ट्रेंट कंपनीने या व्यवसायातील ७६ टक्के हिस्सा घेतला. आज मात्र ते दुकान तेथे नाही. यशस्वी ठरलेला आराखडाही बदलत्या बाजारानुसार वेळोवेळी तपासून पाहणे आवश्यक असते.