दहा किलोमीटरचा आवाज

अहिल्यानगर शहरात ९०.४ वर ‘रेडिओ नगर’ लागतं. हे स्नेहालय या संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र. लालबत्ती भागातल्या स्त्रिया आणि त्यांची मुलं यांच्यासाठी १९८९ साली उभी राहिलेली ही संस्था रेडिओ चालवते, यात मला मोठी संगती दिसते. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही, त्यांना हक्काचा माइक हवाच.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढण्याची मुभा मात्र २००६ च्या धोरणाने मिळाली. या केंद्रांचा मनोरा सहसा ३० मीटरपर्यंतचा आणि पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांनी केलेले हवेत, अशी अट आहे.

एवढ्याशा जागेतून काय उगवतं, ते हिप हॉपने दाखवलं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेलने पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून वाजवत तालाचा तुकडा लांबवायचा, ही त्याची करामत. त्यावर पोरं नाचत आणि माइकवाला शब्द फेकत राही; यातूनच रॅप घडला. पुढे कित्येक वर्षं हे संगीत कॅसेटींवरून हातोहात फिरलं. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ गाजलं, तरी मोठी रेडिओ केंद्रं रॅप लावायला बिचकतच होती. मग मिस्टर मॅजिक या निवेदकाने डब्ल्यूएचबीआय या केंद्रावर पैसे भरून वेळ घेतली आणि रॅप लावायला सुरुवात केली. १९८३ मध्ये डब्ल्यूबीएलएस या बड्या केंद्राने त्याला बोलावून घेतलं.

मराठीतही रॅप आता रुजला आहे. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच, मुंबईच्या स्वदेसी गटातला एमसी मवाली ही नावं तरुणांना पाठ आहेत. यूट्यूबवर गाणं टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. पण अहिल्यानगरच्या केडगाव भागातल्या पोराचं गाणं केडगावातच ऐकलं जाईल, याची तिथे खात्री नाही. स्थानिक रेडिओवर ते केडगाव, भिंगार, सावेडीत एकाच वेळी वाजू शकतं आणि शब्द पोकळ निघाला, तर दुसऱ्या दिवशी चौकात कुणीतरी तोंडावर सांगतं. कलावंत अशाच श्रोत्यांपुढे तयार होतो. म्हणून सामुदायिक केंद्रांनी आठवड्यातला अर्धा तास आपल्या भागातल्या रॅपसाठी राखून ठेवावा. स्थानिक कार्यक्रमांच्या अटीचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.