भाव : बाजारातला आणि मनातला

बेळगावच्या पेठेत एकाच धान्याची चौकशी निरनिराळ्या भाषांतून होते. मराठी गिऱ्हाईक विचारते, 'जोंधळा कसा दिला?' कन्नड गिऱ्हाईक म्हणते, 'बेले एष्टु?' कन्नडात 'बेले' म्हणजे किंमत व 'बेळे' म्हणजे पीक. अंतर काय ते एका अक्षराचे! आपली 'किंमत' मूळची अरबी, फारसीच्या वाटेने आलेली. मराठी व कोंकणीतले 'मोल' मात्र संस्कृत 'मूल्य', प्राकृत 'मोल्ल' असे उतरत आले. आणि प्राकृत ही तर आपल्या आगमांची भाषा.

परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावतो तो 'भाव' हा शब्द. मराठी व गुजराती या दोहोंतही तो दराचा वाचक आहे, तसाच अंतःकरणाच्या वृत्तीचाही. दान, शील, तप व भाव हा चतुर्विध धर्म आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत खोटी मापे व भेसळ यांची स्पष्ट गणना केली आहे. टंचाईत फळ्यावरचा भाव चढतो, तो सर्वस्वी आपल्या हाती नसतो. तागडी धरणाऱ्याचा भाव मात्र आपल्याच हाती असतो, आणि त्याची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत होते.