खाऱ्या वाऱ्यातल्या तारा

कोकण किनाऱ्यावरची जुनी वीजवाहिनी उतरवली, की तिचा कापलेला तुकडा निरखून पाहावा. वरून तार ठाकठीक दिसते. पेड उलगडले की आत पांढरी भुकटी निघते आणि तिच्याखाली गंजलेलं पोलाद.

ही तार एसीएसआर जातीची. मधोमध जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद, भोवती ॲल्युमिनियम. वायरमन मंडळी तिला जाडीप्रमाणे रॅबिट, डॉग, पँथर म्हणतात. वीज ॲल्युमिनियमने वाहायची, ताण पोलादाने पेलायचा, अशी ही वाटणी कोरड्या हवेत वर्षानुवर्षं उत्तम चालते. पण खारट ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना खेटून राहिले, की झीज सुरू होते. आधी जस्त जातं, मग ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. आणि हे सगळं आतल्या आत. खांबाखाली उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही, म्हणून मला ही झीज जास्त धोक्याची वाटते.

यावर उपाय म्हणजे पोलाद काढून टाकायचं आणि ताकद ॲल्युमिनियममध्येच आणायची. त्यात जेमतेम एक-दीड टक्का मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळतात. धातू पाचशे अंशांच्या वर तापवला की ही दोन्ही द्रव्यं त्यात विरघळतात. लगेच पाण्यात थंड केलं की त्यांना बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तार ओढून झाल्यावर ती दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवतात. त्या मंद उष्णतेत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. वेळेबरोबर ॲल्युमिनियमचे मिश्रधातू असे कठीण होतात, हे जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६च्या सुमारास आढळलं. वाहिनीच्या तारेत या प्रक्रियेने ताकद साध्या ॲल्युमिनियमच्या पावणेदोन पट होते.

त्याची किंमत वाहकतेत मोजावी लागते. तांबं शंभर धरलं, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६१ आणि ही तार साधारण ५२.५. शिवाय पोलादाचा गाभा नसल्यामुळे ती उन्हात जास्त लांबते. झोळ दुपारच्या तापमानाला मोजूनच ठरवावा लागतो.

तरीही समुद्रालगतच्या गावांत वाहिनी नव्याने ओढायची असेल, तर हीच तार घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. भारतीय मानक आयएस ३९८च्या चौथ्या भागात तिच्यासाठी नियम आहेत. रुंद खाडी ओलांडताना मात्र दोन मनोऱ्यांतलं अंतर फार असतं आणि पोलादी गाभाच सोयीचा पडतो. तिथे तार वळतानाच गाभ्यात ग्रीस भरून घ्यावं.